नऊ काप, पंधरा मिनिटं: प्रदर्शनात कागदी आकाशकंदिलाचं पहिलं प्रात्यक्षिक

दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी सोसायट्यांच्या हॉलमध्ये, शाळांच्या पटांगणात, महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या प्रदर्शनांत टेबलं लागायला सुरुवात होते. कागदकाम करणाऱ्यांना तिथे हमखास विचारणा होते, की नुसतं मांडू नका, करूनही दाखवा. घरी झकास कंदील करणारी माणसंही इथे अडखळतात. घरी हात आपल्या सवयीनं चालतात, घडी कुठून घातली हे हातालाच ठाऊक असतं. समोर बसलेल्याला मात्र प्रत्येक घडी दिसावी लागते, कळावी लागते आणि लगेच स्वतःला जमावी लागते. म्हणून प्रात्यक्षिकाची निम्म्याहून जास्त तयारी आदल्या दिवशीच, प्रेक्षक नसताना होते. खालची सगळी मापं आणि वेळा त्या तयारीसाठी आहेत.

कोणता कंदील निवडायचा

पहिल्यांदा उभं राहताना चांदणी, षटकोनी किंवा करंज्यांचा कंदील करायला घेऊ नका. ते मांडायला सुरेख आहेत, पण करून दाखवायला लांबलचक. माहीमच्या कंदील गल्लीत दिसतात तसे बांबूच्या काड्यांचे सांगाडे तर प्रात्यक्षिकात टाळाच. काड्या बांधण्यात वेळ जातो, आणि मैद्याच्या खळीनं चिकटवलेला पतंगी कागद वाळून ताणला जाईपर्यंत थांबावं लागतं. समोरचा माणूस तेवढा थांबत नाही.

काप दिलेला, मधून पोट सुटलेला साधा कंदील घ्या. शाळेत बहुतेकांनी तो कधीतरी केलेला असतो, त्यामुळे "अरे, हा तर आम्ही करायचो!" म्हणत लोक आपणहून खुर्ची ओढतात. तो पंधरा मिनिटांत होतो. सपाट कागदातून अचानक गोल आकार उभा राहतो तो क्षण बघणाऱ्याला मनापासून आवडतो. आणि माप चुकलं तर नेमकं काय बिघडतं हेही त्यात स्पष्ट दिसतं, म्हणून शिकवायला तो चांगला.

माप

एका कंदिलाला दोन कागद लागतात. बाहेरचा रंगीत कार्डपेपर २० × १४.८ सेंमी, १६० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा. आतला पिवळा कागद २१ × १२.५ सेंमी, साध्या ७५-८० जीएसएमचा. ही मापं अशा बेतानं धरली आहेत की ए४ कागद (२१ × २९.७ सेंमी) जवळपास पूर्ण वापरला जातो.

कार्डपेपरच्या लांब बाजूनं आधी १ सेंमीची पट्टी कापून घ्या. उरलेला २० × २९.७ चा कागद मधोमध कापला की दोन कंदिलांचे बाहेरचे भाग मिळतात. ती १ सेंमीची पट्टी अर्धी केली की दोघांच्या वरच्या, टांगायच्या दांड्याही तयार. पिवळ्या ए४ मधून १२.५ सेंमीचे दोन तुकडे निघतात आणि ४.७ सेंमी रुंदीचा पट्टा उरतो. त्यातून पाऊण सेंमीच्या सहा शेपट्या, म्हणजे एका कंदिलाला तीन. कचऱ्यात जवळपास काहीच जात नाही. ही गोष्ट बघणाऱ्यांना जरूर सांगा, आया-आज्यांना ती फार पटते.

बाहेरच्या कागदावर वर आणि खाली दीड-दीड सेंमीचा पट्टा न कापता राहतो. मधल्या ११.८ सेंमीत काप देऊन २ सेंमीच्या दहा पट्ट्या करायच्या. म्हणजे २, ४, ६ असं करत १८ सेंमीपर्यंत खुणा, आणि एकूण नऊ काप. घरी आपण एक सेंमीची नाजूक पट्टी करतो, पण तिथे एकोणीस काप होतात. लहान मुलांचा हात दहाव्या कापाला कंटाळतो. प्रात्यक्षिकात नऊच ठेवा.

पोट किती सुटणार हे आतल्या कागदाच्या उंचीवर ठरतं. आतला कागद १२.५ सेंमी उंच आणि त्यावर वरखाली दीड-दीड सेंमी चिकटलेलं, म्हणजे मोकळी उंची ९.५ सेंमी. त्या जागेत ११.८ सेंमीची पट्टी बसवली की ती मधल्या घडीवर वाकून सुमारे साडेतीन सेंमी बाहेर येते. आतला कागद १४ सेंमीचा घेतला तर पोट जेमतेम दोन सेंमी सुटतं आणि कंदील डब्यासारखा दिसतो. ११ सेंमीचा घेतला तर सव्वाचार सेंमी सुटतं, पण पट्ट्यांवर ताण येऊन टोकं उचकटतात. दीड सेंमीनं एवढा फरक पडतो, म्हणून आतल्या कागदाचं माप डोळ्यांनी अंदाजे धरू नका.

तुम्ही स्वतः ज्यावर करून दाखवणार तो कंदील दुप्पट मापाचा असू द्या. ए३ कागद (२९.७ × ४२ सेंमी) लांबी-रुंदीनं ए५ च्या, म्हणजे अर्ध्या ए४ च्या, बरोबर दुप्पट असतो, त्यामुळे सगळी मापं सरळ दोननं गुणायची: बाहेरचा ४० × २९.७, आतला ४२ × २५, पट्टा ३ सेंमी, काप तेच नऊ, फक्त ४-४ सेंमीवर. ए४ चा अर्धा कागद तीन-चार फुटांवरून हातातच हरवतो. ए३ वर मागे उभ्या असलेल्या माणसालाही घडी दिसते.

कागदाच्या तंतूंची दिशा

यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेनं लागलेले असतात. त्या दिशेला समांतर घातलेली घडी सफाईदार बसते, आडवी घातलेली थोडी फुटते. ए४ मध्ये तंतू सहसा लांब बाजूला समांतर असतात. तो मधोमध कापला की आपल्या तुकड्यात ते १४.८ च्या बाजूनं, म्हणजे कंदिलाच्या उभ्या दिशेनं येतात. हे फायद्याचं आहे. कागद सहज गोल वळतो आणि उभ्या पट्ट्या ताठ राहून पोट छान धरतात. तोटा एवढाच की मधली घडी तंतूंना आडवी पडते, म्हणून १६० जीएसएमवर ती आधी रिकाम्या रिफीलनं पट्टी धरून ओढून घ्यावी लागते. नाहीतर घडीवर रंग फुटून पांढरी रेघ दिसते.

ए३ किंवा मोठा कार्डशीट घेताना दिशा तपासा. कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूनं कमी जोर लागतो, ती गोल वळवण्याची बाजू. उलट्या दिशेनं कापलेला कागद वळवताना कोनात मोडतो आणि कंदील गोल न होता बहुकोनी होतो. तुमच्या हातून असं झालं तर बघणाऱ्याला वाटतं की कामच अवघड आहे.

हातकागदाचा मोह बऱ्याच जणांना होतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे आणि तिथला कागद खरोखर देखणा असतो. मांडायच्या मोठ्या कंदिलासाठी तो जरूर वापरा. मुलांच्या हाती देऊ नका. बोथट कात्रीनं त्याच्या कडा पिंजतात, घडी जाड येते आणि दुमडून पुन्हा उलटी फिरवताना तो सोलतो.

संच किती आणि कसे बांधायचे

हिशेब असा. एक फेरी पंधरा मिनिटांची आणि पाच मिनिटं आवराआवर, म्हणजे तासाला तीन फेऱ्या. एका वेळी सहा जण. एका माणसाला सहापेक्षा जास्त हातांकडे लक्ष देता येत नाही, सातवं मूल आलं की कोणाची तरी कात्री चुकीच्या कडेला लागतेच. चार तास काम चाललं तर बहात्तर संच, एका कंदिलाचं सामान तो एक संच. खराब होणारे धरून चौऱ्याऐंशी करा. त्याला कार्डपेपरचे ४२ आणि पिवळ्या कागदाचे ४२ ए४ लागतात. १६० जीएसएमचा एक ए४ दहा ग्रॅमचा आणि ८० चा पाच ग्रॅमचा, म्हणजे सगळा कागद मिळून पाऊण किलोसुद्धा होत नाही. रिक्षानं, लोकलनं सहज नेता येतो.

पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट अशा ठिकाणी कार्डपेपर घाऊक भावात मिळतो. घेताना एकाच रंगाचा गठ्ठा घेऊ नका. लाल, केशरी, गुलाबी, हिरवा असे चार रंग पुरे. यापेक्षा जास्त ठेवले तर रंग निवडण्यातच फेरीतली तीन मिनिटं जातात. फिका पिवळा बाहेरच्या कागदाला नको, आतल्या पिवळ्यात तो मिसळून जातो आणि काप दिसत नाहीत.

बाइंडिंगवाल्याच्या कटिंग मशिनवर सगळा गठ्ठा एकदम कापून मिळतो. मात्र आधी एक संच स्वतः हातानं कापून, पूर्ण कंदील करून बघा आणि तोच नमुना त्याच्यापुढे ठेवा. तोंडी सांगितलेलं "वीस बाय पावणेपंधरा" कधी इंचात ऐकलं जाईल सांगता येत नाही.

बाहेरच्या कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं मधली रेघ, दर दोन सेंमीच्या उभ्या रेघा आणि दोन्ही लांब कडांपासून दीड सेंमीवर एक ठळक लाल रेघ मारून ठेवा. ही लाल रेघ म्हणजे थांबायची जागा. चौऱ्याऐंशी वेळा पट्टी धरण्यापेक्षा जाड पुठ्ठ्याची मापपट्टी करून तिच्या कडेला खाचा पाडा. काम निम्म्या वेळात होतं.

चिकटवण्यासाठी फेविकॉल टाळा. पाण्याच्या गोंदानं पातळ पिवळा कागद ओला होऊन लाटा धरतो, आणि पकड येईपर्यंत मुलं कागद सरकवत राहतात. १२ मिमीची डबल साइड टेप सगळ्यात सोयीची. पिवळ्या कागदाच्या पुढच्या बाजूला वरच्या आणि खालच्या कडेला २०-२० सेंमी टेप आधीच लावून ठेवा, वरचा कागद न काढता. चौऱ्याऐंशी संचांना साधारण ३४ मीटर टेप जाते. उजवीकडचा शेवटचा १ सेंमी टेपशिवाय सोडा, तो जोडायचा कान आहे. त्याला ग्लू स्टिक आणि स्टेपलरच्या दोन पिना पुरतात. १० नंबरच्या हजार पिनांचा एक डबा दिवसभर पुरून उरतो. ग्लू गन नेऊच नका. तिचं टोक चटका देण्याइतकं तापतं, आणि गर्दीत तिची वायर कोणाच्या तरी पायात येते.

एका संचात बाहेरचा कागद, टेप लावलेला पिवळा कागद, एक दांडी आणि तीन शेपट्या एकत्र चिमट्यात लावा. दहा-दहा संचांचे गठ्ठे करून प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. परतीचा पाऊस असेल किंवा प्रदर्शन मुंबई-कोकणात असेल तर उघडा कागद तासाभरात दमट होतो आणि टेप नीट धरत नाही.

टप्प्यांची पाटी

हाच सगळ्या तयारीचा गाभा आहे, आणि नवखी माणसं नेमका हाच भाग वगळतात. एका पुठ्ठ्यावर कंदिलाच्या सहा अवस्था ओळीनं चिकटवा: दुमडलेला आणि रेघा मारलेला कागद, काप दिलेला पण अजून दुमडलेलाच, उघडून घडी उलटी फिरवलेला, वरचा पट्टा पिवळ्या कागदाला चिकटलेला, खालचाही चिकटून पट्ट्या उभ्या राहिलेला, आणि गुंडाळून जोडलेला. पूर्ण कंदील शेजारी टांगा. प्रत्येक अवस्थेखाली फक्त मोठा आकडा लिहा, मजकूर नको.

या पाटीमुळे मधेच येऊन बसलेल्याला "तुम्ही आता तीनवर आहात" एवढंच सांगावं लागतं. कोणी मागे पडलं तर त्याला आकडा दिसतो. सहा आणि सात वर्षांच्या मुलांना तोंडी सूचनेपेक्षा हातात घेता येणारा नमुना जास्त कळतो, म्हणून चिकटवलेल्या पाटीशिवाय प्रत्येक टप्प्याचा एक सुटा नमुनाही जवळ असू द्या.

घरी दहा कंदील बोलत-बोलत, घड्याळ लावून करून बघा. एकदा मोबाइल समोरच्या खुर्चीच्या उंचीवर ठेवून चित्रण करा. त्यात बहुतेक वेळा एकच दोष सापडतो: घडी घालताना आपला तळहात घडीवरच असतो आणि समोरच्याला फक्त आपली बोटं दिसतात. उपाय सोपा आहे. घडी घातली की हात बाजूला घ्या, कागद उभा धरा, दोन सेकंद थांबा, मग पुढे जा.

टेबल

आयोजकांना आधीच विचारून घ्या: टेबल किती फुटी, खुर्च्या किती, वीज आहे का, डोक्यावर पंखा आहे का, संध्याकाळी उजेड कुठून येतो. सहा फुटी टेबलावर समोर चार आणि दोन्ही टोकांना एकेक असे सहा जण बसतात. तुम्ही त्यांच्या समोर, भिंतीकडे पाठ करून. टेबलावर गडद निळी किंवा काळी चादर अंथरा, फुलाफुलांची नको. नक्षीवर कागदाची कडा हरवते.

पंखा हा मोठा शत्रू. तयार कंदील अवघ्या सात-आठ ग्रॅमचा असतो, तो उडतोच. कागद काठ असलेल्या ताटांत ठेवा, प्रत्येक जागेवर एक स्टीलची पट्टी वजन म्हणून द्या. टांगलेल्या नमुन्यांचा दोरा दोन बाजूंनी बांधा, एका बाजूनं बांधला तर ते गरगर फिरतात आणि शेपट्या गुंततात.

कात्र्या सहा बोथट टोकांच्या, दोन मोठ्यांच्या आणि शक्य तर एक डावखुऱ्यांची. डावखुऱ्या मुलाला नेहमीच्या कात्रीनं सरळ कापता येत नाही, कारण पात्यांआड रेघ झाकली जाते, आणि बिचारं स्वतःलाच दोष देतं. कटर फक्त तुमच्यासाठी, पातं आत घेऊन, टेबलाच्या मागच्या बाजूला खोक्यात. तेलकट क्रीम लावलेला हात कागदावर डाग सोडतो, म्हणून हात पुसायला सुती फडका ठेवा. चिकटपट्ट्या ठेवा, कागदानं बोट कापतं. टेपचे सोललेले कागद जमिनीवर पडून बुटांना चिकटतात, तेव्हा दोन्ही टोकांना कचऱ्याची पिशवी टेबललाच चिकटवा.

कंदील पेटलेला दाखवायचा तर बॅटरीवर चालणारा छोटा एलईडी दिवा आत ठेवा. पणती नाही, मेणबत्तीही नाही. मोठ्या नमुन्यात एलईडी बल्ब चालतो, जुना तापणारा बल्ब मात्र कागदापाशी नको.

पंधरा मिनिटं

पहिल्या मिनिटात तयार कंदील हातात द्या आणि म्हणा, "दोन कागद, नऊ काप, पंधरा मिनिटं." इतिहास, आवड, प्रशिक्षण यातलं काही सांगत बसू नका. लोकांचे हात शिवशिवत असतात.

दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटात घडी. रंगीत बाजू आत, रेघांची बाजू बाहेर, लांब बाजू लांब बाजूवर. चमच्याच्या पाठीनं किंवा आइस्क्रीमच्या काडीनं घडी दाबून घ्या. इथेच दोन कडांना नावं द्या: "ही घडीची कडा, ही सुटी कडा." समोरासमोर बसल्यावर तुमचं डावं ते त्यांचं उजवं होतं, म्हणून डावं-उजवं हे शब्द दिवसभरासाठी सोडून द्या. "घडीची कडा स्वतःच्या पोटाकडे" असं सांगितलं की सगळ्यांचे कागद सारखे लागतात.

चौथ्यापासून आठव्या मिनिटापर्यंत काप. घडीच्या कडेपासून सुरू, लाल रेघेला थांबा. पहिला काप तुम्ही कापा, मग सगळ्यांनी फक्त एक काप द्यायचा आणि कात्री खाली ठेवायची. सहाही कागदांवर नजर टाका. एकाच्याही हातून सुट्या कडेकडून काप गेला असेल तर या क्षणी सावरता येतो. मगच उरलेले आठ. या वेळात गप्पा मारायला हरकत नाही, पण तुम्ही कापत राहू नका. तुमचे हात मोकळे हवेत.

नवव्या मिनिटाला उघडा आणि घडी उलटी फिरवा. रंगीत बाजूला उंचवटा यायला हवा. पट्टा एका हातात धरून घडीवरून बोट पुन्हा एकदा फिरवा.

दहाव्या-अकराव्या मिनिटात चिकटवणं. पिवळ्या कागदाच्या वरच्या टेपचा कागद सोला, बाहेरच्या कागदाची वरची कडा आणि एका टोकाची कड पिवळ्याशी जुळवून बसवा. दुसऱ्या टोकाला पिवळा १ सेंमी जास्त राहतो, तो तसाच राहू द्या. मग खालची टेप सोलून खालची कडा खालच्या कडेवर आणा. पट्ट्या एकदम उभ्या राहतात. इथे बोलू नका, मुलांना ओरडू द्या.

हे सगळं कागद सपाट असतानाच करायचं. आधी नळकांडं करून आत हात घालून चिकटवायची पद्धत घरी ठीक आहे, पण साडेसहा सेंमीच्या नळकांड्यात मोठ्या माणसाचा हात जात नाही.

बाराव्या-तेराव्या मिनिटात गोल वळवून पिवळा कान दुसऱ्या टोकाच्या मागे ग्लू स्टिकनं लावायचा आणि वर एक, खाली एक पिन. स्टेपलर तुमच्या किंवा मदतनिसाच्याच हाती. उरलेल्या दोन मिनिटांत दांडी समोरासमोरच्या बाजूंना आतून पिनेनं आणि शेपट्या खालच्या पट्ट्याला आतून चिकटवून घ्या.

काय बिघडतं आणि का

काप सुट्या कडेकडून गेला तर कागदाच्या झिरमिळ्या होतात, कारण कडेचा न कापलेला पट्टाच उरत नाही. एखाद-दुसराच काप असेल तर पट्ट्याला मागून टेप लावून तो वापरता येतो. सगळेच काप तसे असतील तर गाजावाजा न करता नवा संच द्या. तुकडे फेकू नका, त्याच मुलाला त्याच्या शेपट्या करून द्या.

लाल रेघ ओलांडली आणि पट्टा अर्धा सेंमी तरी शिल्लक असेल तर काळजी नाही, आतला कागद त्याला धरून ठेवतो. तुटलाच तर चिकटवताना दोन्ही टोकं शेजारी बसवा, दिसत नाही.

पोट बाहेर न येता आत दबतं किंवा कंदील चपटाच राहतो, तेव्हा घडी उलटी फिरवायची राहिलेली असते. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. चिकटवल्यानंतर लक्षात आली तर एकेक पट्टी बोटानं बाहेर ओढून घडी मोडून घ्या. १६० जीएसएममध्ये जमतं, त्याहून जाड कागदात पट्टी फाटते.

कंदिलाला पीळ पडतो, पट्ट्या तिरक्या दिसतात, कारण वरचा आणि खालचा पट्टा एकमेकांपासून तीन-चार मिलिमीटर सरकून चिकटलेला असतो. डबल साइड टेप दुसरी संधी देत नाही. म्हणून दोन्ही वेळा एकाच टोकापासून सुरुवात करा आणि कागद ताणू नका, टेकवत न्या. थोडा पीळ असेल तर तसाच राहू द्या. बऱ्याच मुलांना तोच जास्त आवडतो, आणि मुद्दाम दिलेला पीळ दिसतोही छान.

गुंडाळताना आतल्या पिवळ्या कागदाला बारीक सुरकुती पडते. बाहेरून ती दिसत नाही. कार्डपेपर २०० जीएसएमच्या वर असेल तर मात्र कागद वळायलाच कुरकुर करतो आणि पिन उसळते.

दांडी निसटते, कारण ती एकेरी कागदावर किंवा पट्ट्यांवर लावलेली असते. तिची जागा वरच्या दीड सेंमीच्या पट्ट्यातच, जिथे दोन थर आहेत.

वय, पैसे, मदतनीस

सहा वर्षांखालच्या मुलांना काप दिलेलेच कागद द्या. त्यांनी घडी फिरवायची, टेप सोलायची, शेपट्या लावायच्या. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना रेघा मारलेले कागद. त्यापुढच्यांना पट्टी देऊन रेघाही मारू द्या. आजी-आजोबांना आग्रहानं बसवा. त्यांच्यासाठी एक उंच खुर्ची आणि जाड रेघांचे दोन-तीन संच वेगळे ठेवा. आई-वडील मुलाच्या हातातून कात्री घेतात तेव्हा, "ताई, तुम्ही तुमचा वेगळा करा, हा घ्या कागद," असं म्हणून त्यांनाही संच द्यावा. मुलाचा कंदील मुलाच्याच हातचा राहतो.

भाग घ्यायला थोडी तरी रक्कम ठेवावी, असं आमचं ठाम मत आहे. फुकट बसलेला माणूस फोन आला की अर्ध्यातून उठतो आणि संच वाया जातो. कागद, टेप, पिना, कटिंग आणि तयारीचे तास यांची बेरीज करून रक्कम ठरवा, फक्त कागदाच्या भावावर नको. पैसे फेरीच्या आधी, आणि ते मदतनिसानं घ्यावेत. क्यूआर कोड टेबलाच्या टोकाला, तुमच्यापासून दूर लावा, म्हणजे काप चालू असताना कोणी तुमच्या तोंडासमोर मोबाइल धरणार नाही. घरी नेण्यासाठीचे संच वेगळे बांधा, त्यांत सहा टप्प्यांचं चित्र असलेला कागद घाला.

मदतनीस एक तरी हवाच. पुढच्या फेरीची नावं लिहून घेणं, स्टेपलर मारणं, पाणी आणणं, ताटं भरणं हे सगळं त्याचं. एकट्यानं करायचं असेल तर सहाऐवजी तीन खुर्च्या ठेवा.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या दिवाळी मेळ्यांत हाच कंदील करायचा तर तिथे ए४ सहजासहजी मिळत नाही. लेटर कागद २१.६ × २७.९ सेंमीचा असतो. बाहेरचा भाग २० × १३.९ घ्या, आतला २१ × १२. पट्टे दीड सेंमीचेच ठेवा. पोट तीन सेंमीपेक्षा किंचित जास्त सुटतं, दिसायला फरक कळत नाही. तिथे कार्डस्टॉकवर ६५ पाउंड असं वजन लिहिलेलं असतं, ते साधारण १७५ जीएसएम भरतं. घडी रिफीलनं नीट ओढून घेतली तर चालतं.

शेवटची फेरी प्रदर्शन संपण्याच्या अर्धा तास आधी सुरू करा आणि त्यानंतर नावं घेऊ नका. उशिरा आलेल्या मुलांना काप दिलेले तयार संच द्या. पाच मिनिटांत तेवढं होतं. आवरताना आधी कात्र्या आणि कटर मोजून घ्या, मग पाटी, मग कागद.